घरच्या किटवरची रेघ कशी वाचावी आणि तिच्यावरून प्रतिकारशक्ती का मोजू नये

मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नमुने घेण्याचे काम करते. जानेवारी २०२२ मध्ये कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराची लाट होती, तेव्हा तासगावकडच्या एक बाई खिडकीशी आल्या. त्यांनी घरी केलेल्या चाचणीची पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. ती ट्यूबलाइटसमोर धरून त्या म्हणाल्या, "ताई, ही रेघ लई पुसट हाय. म्हणजी थोडाच कोरोना हाय न्हवं?" घरातले बाकीचे पाचही जण आजारी आहेत, फक्त मालकांची चाचणी निगेटिव्ह आली, हेही त्यांनी सांगितले आणि पुढे म्हणाल्या, "त्यांच्या अंगातच ताकद हाय. त्यांनी लसपण घेतली न्हाई." त्यांच्या या दोन वाक्यांत दोन वेगळे गैरसमज होते आणि ते एकमेकांना आधार देत होते. लाट ओसरली तरी हे गैरसमज गेलेले नाहीत. दर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ताप-खोकल्याची साथ आली की ते पुन्हा ऐकू येतात. म्हणून घरच्या चाचणीचा उपयोग कसा करावा आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा करू नये, हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम ही चाचणी काय शोधते ते समजून घ्यावे. घरच्या अँटिजेन किटमध्ये विषाणूच्या अंगचे एक प्रथिन शोधले जाते, बहुतेक किटमध्ये न्यूक्लिओकॅप्सिड नावाचे. द्रावण पट्टीवरून पुढे सरकते, सोबत रंगाचे कण लावलेली प्रतिपिंडे (विषाणूला चिकटणारी प्रथिने, म्हणजे अँटिबॉडी) वाहून नेते, आणि नमुन्यात ते प्रथिन असेल तर 'टी' अक्षरापाशी रंग साठून रेघ उमटते. गर्भधारणेची घरगुती चाचणी याच तत्त्वावर चालते. म्हणजे ही चाचणी फक्त एवढेच सांगते की काडी फिरवली त्या वेळी, त्या नाकात, पकडता येईल इतक्या प्रमाणात विषाणूचे प्रथिन होते की नव्हते. काल होते का, उद्या असेल का, आणि शरीराने आजाराशी लढण्याची तयारी केली आहे का, यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर त्या पट्टीवर नसते.

किट विकत घेताना मुदत पाहावी. त्याहून जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे तापमान. बहुतेक किट २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात. सांगली-मिरजेत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४० च्या आसपास जातो. स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिलेले किट मुदतीच्या आत असले तरी भरवशाचे राहत नाही. फ्रीजमध्ये ठेवले असेल तर वापरण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवावे. फ्रीजरमध्ये मात्र कधीही ठेवू नये. पट्टीचे पाकीट आधीपासून फोडून ठेवू नये, कारण पावसाळी दमट हवेने पट्टी खराब होते.

नमुना घेताना शितावरून भाताची परीक्षा होत असते, त्यामुळे शीत नीट निवडले नाही तर पुढचे सगळे वाया जाते. आधी नाक शिंकरून घ्यावे आणि हात साबणाने धुवावेत. काडीचे कापसाचे टोक बोटांनी शिवू नये. भारतात मिळणाऱ्या नाकाच्या किटमध्ये काडी साधारण २ ते ४ सेंटिमीटर आत नेऊन नाकपुडीच्या आतल्या भिंतीला टेकवून पाच वेळा फिरवायची असते, आणि मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत तशीच फिरवायची असते. लोक इथेच कसूर करतात. नाकाच्या तोंडाशी काडी लावून काढतात, किंवा एका बाजूला दुखले म्हणून दुसरी बाजू सोडून देतात. काडी फिरवताना डोळ्यांत थोडे पाणी आले किंवा शिंक आली तर घाबरू नये. लहान मुलाचा नमुना मोठ्या माणसाने घ्यावा, आणि मुलाचे डोके दुसऱ्या कोणीतरी हलक्या हाताने धरावे. किटच्या पत्रकात लिहिलेले नसेल तर घशातला नमुना घेऊ नये.

काडी नळीतल्या द्रावणात बुडवून, नळी बोटांनी दाबत, सांगितले असेल तितक्या वेळा घोळवावी, म्हणजे कापसात अडकलेला स्राव द्रावणात उतरतो. द्रावण सांडले तर त्याच्या जागी नळाचे पाणी घालू नये. त्या द्रावणाची आम्लता ठरवून राखलेली असते. ती बिघडली की प्रथिन नसतानाही रेघ उमटू शकते, आणि लिंबाचा रस किंवा कोल्ड्रिंक टाकून काढलेले 'पॉझिटिव्ह' व्हिडिओ याच कारणामुळे दिसतात. पट्टी सपाट जागी ठेवावी, पत्रकात असतील तेवढेच थेंब टाकावेत आणि मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावावा. थेंब पडताच पट्टीवरून लालसर ओल पुढे सरकताना दिसते आणि काही मिनिटांत 'सी' (कंट्रोल) अक्षरापाशी रेघ येते. निकाल १५ मिनिटांनी वाचावा. २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ ग्राह्य धरू नये, कारण पट्टी वाळताना खोटी सावली पडते. सकाळी केलेली चाचणी संध्याकाळी केराच्या टोपलीतून काढून पुन्हा पाहणारी माणसे मला भेटली आहेत. त्या वेळच्या रेघेला काही अर्थ नसतो.

'सी'ची रेघ आली नाही तर चाचणी रद्द समजावी. ती आली म्हणजे नमुना चांगला घेतला गेला, असेही नव्हे. त्या रेघेवरून एवढेच कळते की द्रावण पट्टीवरून नीट वाहिले आणि रसायने काम करत आहेत. काडी नाकात नीट फिरलीच नसेल तरी 'सी'ची रेघ ठळक येऊ शकते.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. ठरलेल्या वेळात 'टी'पाशी उमटलेली रंगाची रेघ कितीही पुसट असली तरी पॉझिटिव्हच असते. पुसटपणा नमुन्यात प्रथिन किती आले यावर अवलंबून असतो. काडी नीट फिरली नसेल, आजार नुकता सुरू झाला असेल किंवा उतरणीला लागला असेल, तरीही रेघ पुसट येते. तिच्यावरून आजार सौम्य राहील असा अंदाज बांधता येत नाही.

निगेटिव्ह निकालाबाबत तर अधिक सावध राहायला हवे. कोक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार लक्षणे असलेल्या बाधितांपैकी सरासरी ७३ टक्के माणसे अँटिजेन चाचणीत सापडतात, आणि लक्षणे नसलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्केच. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात हे प्रमाण ८१ टक्क्यांच्या आसपास असते, दुसऱ्या आठवड्यात ५४ पर्यंत घसरते. बाधा नसलेल्यांना मात्र ९९.६ टक्के वेळा ती बरोबर निगेटिव्ह सांगते.

हे आकडे घरगुती हिशेबात असे बसतात. लाट चालू आहे, ताप-खोकल्याच्या १,००० माणसांनी चाचणी केली आणि त्यांतल्या ३०० जणांना खरोखर बाधा आहे, असे धरू. २१९ जण पॉझिटिव्ह सापडतील आणि ८१ जण निगेटिव्ह पट्टी हातात घेऊन निर्धास्त फिरतील. बाधा नसलेल्या ७०० मधले दोन-तीन जण चुकून पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे अशा काळात पॉझिटिव्ह निकाल जवळजवळ नेहमी खरा असतो, पण निगेटिव्ह आलेल्या दर दहा जणांमागे एकाला आजार असतोच. साथ नसताना हे चित्र उलटते. कसलाही त्रास नसलेल्या १,००० माणसांत पाच जणांना बाधा असेल, तर खरे पॉझिटिव्ह तीनेक सापडतील आणि खोटे चारेक. त्यामुळे कारण नसताना उगाच चाचणी करू नये, आणि त्रास नसताना अनपेक्षितपणे पॉझिटिव्ह आले तर आरटीपीसीआर करून खात्री करावी.

१९ मे २०२१ रोजी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) घरच्या चाचणीविषयी सूचना काढल्या आणि पुण्याच्या मायलॅबचे किट बाजारात येण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हाही सूचनांत हेच होते: चाचणी लक्षणे असलेल्यांनी आणि बाधितांच्या निकट संपर्कातल्यांनी करावी, पॉझिटिव्ह आल्यास खरे मानावे, आणि लक्षणे असून निगेटिव्ह आल्यास आरटीपीसीआर करावी. आरटीपीसीआर लगेच शक्य नसेल तर ४८ तासांनी घरची चाचणी पुन्हा करावी. लक्षणे नसतील पण घरात कोणी बाधित असेल, तर ४८-४८ तासांच्या अंतराने तीन वेळा करावी. मधल्या दिवसांत स्वतःला आजारी समजूनच वागावे: मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि घरातल्या आजी-आजोबांचे ताट वाढायला दुसऱ्या कोणाला तरी सांगावे. दम लागणे, छातीत दुखणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा येणे, यांपैकी काहीही झाले तर पट्टी निगेटिव्ह असली तरी दवाखाना गाठावा. त्यासाठी तिसऱ्या चाचणीची वाट पाहणे म्हणजे वरातीमागून घोडे नेणे होय.

यावरून त्या बाईंच्या मालकांचा प्रश्नही सुटतो. घरातले पाच जण आजारी आणि एकाची एकदाच केलेली चाचणी निगेटिव्ह, याचा सर्वांत साधा अर्थ असा की चाचणीतून त्यांची बाधा निसटली असण्याची शक्यता मोठी आहे. अशी लक्षणे नसलेली बाधित माणसे चाचणी केली तरी जवळपास निम्म्या वेळा निसटतात. निगेटिव्ह पट्टी ही 'अंगातल्या ताकदीची' पावती नव्हे.

आजार अंगावर काढला की संरक्षण मिळते, हे खरे आहे, आणि ते नाकारून लसीची बाजू मांडणे मला अप्रामाणिक वाटते. लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या आढाव्यात ओमायक्रॉनच्या काळातले आकडे आहेत. फक्त आजार झालेल्यांना वर्षभरानंतर गंभीर आजारापासून सुमारे ७५ टक्के संरक्षण होते. आजार आणि लस दोन्ही झालेल्यांना सुमारे ९७ टक्के. पुन्हा बाधा होण्यापासूनचे संरक्षण मात्र दोन्ही गटांत खूपच उतरलेले होते: पहिल्या गटात २५ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात ४२ टक्क्यांच्या. एकदा झाला म्हणजे सुटलो, या समजुतीला इथे आधार मिळत नाही.

याचा पुरावा आपल्या दाराशीही आहे. आयसीएमआरने देशातल्या ७० जिल्ह्यांत रक्तातली प्रतिपिंडे तपासण्याचे सर्वेक्षण चार वेळा केले, आणि महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांत सांगलीचा समावेश होता. मे-जून २०२० मधल्या पहिल्या फेरीत देशभरातल्या प्रौढांमध्ये हे प्रमाण एक टक्काही नव्हते. जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या फेरीत सहा वर्षांवरील लोकांत ते ६७.६ टक्के झाले. दर तीन माणसांमागे दोघांच्या रक्तात प्रतिपिंडे होती, आणि तरी सहा महिन्यांनी ओमायक्रॉन गावोगाव पसरला. प्रतिपिंडांचा साठा कालांतराने उतरतो आणि विषाणूही रूप पालटतो.

मूळ प्रश्न संरक्षण मिळण्यासाठी मोजलेल्या किमतीचा आहे. आजारातून संरक्षण मिळवायचे तर आधी आजार सोसावा लागतो, आणि तो किती सोसावा लागेल हे आधी कळत नाही. "मला काहीच झाले नाही" असे सांगणारे सगळे जगलेले असतात. २०२१ च्या मे महिन्यात ज्यांना बेड मिळाला नाही ते आपला अनुभव सांगायला चावडीवर येत नाहीत. लसीचेही दुष्परिणाम आहेत. कोविशील्डनंतर क्वचित प्रसंगी प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या झाल्याची नोंद आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका प्रत्यक्ष आजारात लसीपेक्षा कितीतरी अधिक आढळला आहे.

नैसर्गिक प्रतिकारशक्ती नेहमीच श्रेष्ठ, असा सरसकट नियम नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला त्या आजाराने पुढचे संरक्षण मिळत नाही, कारण त्याचे विष इतके तीव्र असते की आजार पाडणारी मात्रा प्रतिकारशक्तीला जाग आणायला पुरत नाही. कोयता लागलेल्या ऊसतोड कामगाराला बरे झाल्यावरही लस घ्यावीच लागते. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि एकाने झालेल्या आजारानंतर दुसऱ्याने झाला तर तो अधिक गंभीर होऊ शकतो. गोवराने मिळणारे संरक्षण मात्र बहुधा जन्मभर टिकते, पण गोवर इतर रोगांविरुद्ध आधी मिळालेली प्रतिपिंडे पुसून टाकतो, आणि न्यूमोनियाने मुले दगावतात. दर रोगाचा हिशेब निराळा असतो.

उलट बाजूची तक्रारही वारंवार ऐकते: लस घेऊनही पॉझिटिव्ह आलो, मग लस फुकट गेली. दंडात दिलेल्या लसीने तयार झालेली प्रतिपिंडे मुख्यतः रक्तात असतात आणि फुप्फुसे वाचवतात. नाकात विषाणू शिरण्याला ती तितकीशी अडवत नाहीत. लस घेतल्याने घरची चाचणी पॉझिटिव्ह येत नाही, हेही लक्षात ठेवावे. कोविशील्डमध्ये न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाचा भागच नाही, आणि कोव्हॅक्सिनमधला मृत विषाणू दंडातून नाकात येत नाही.

चाचणी झाल्यावर पट्टी, काडी आणि नळी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावी, पण त्याआधी १५ व्या मिनिटाचा पट्टीचा फोटो काढून ठेवावा. एका वहीत लक्षणे सुरू झाल्याची तारीख, प्रत्येक चाचणीची तारीख आणि निकाल, आणि लसीच्या मात्रांच्या तारखा लिहाव्यात. डॉक्टर पहिला प्रश्न ताप कधी आला हाच विचारतात, आणि त्या बाईंना त्याचे उत्तर देता आले नव्हते. दोन दिवसांनी त्या मालकांना घेऊन आल्या तेव्हा त्यांनी शाळेच्या वहीचे पान फाडून आणले होते. त्यावर पाच नावे आणि पाच तारखा होत्या, आणि सहाव्या नावापुढे, मालकांच्या, "दुसरी चाचणी, रेघ आली" असे लिहिलेले होते.