बिकट, भीषण, गंभीर: इंग्रजीत कुठे कोणतं विशेषण?

अप्पा बळवंत चौकातून आणलेलं शब्दसंग्रहाचं पुस्तक उघडा. ‘डायर’, ‘ग्रिम’, ‘ब्लीक’, ‘डेस्परेट’, ‘डिझ्मल’, ‘ग्रेव्ह’ हे सगळे शब्द बहुधा एकाच ओळीत, समानार्थी म्हणून सापडतील. पर्यायावर खूण करण्यापुरती ती ओळ कामाला येते. स्वतःचं वाक्य लिहायला घेतलं की तीच ओळ घात करते. या शब्दांचे अर्थ शेजारी-शेजारी असले, तरी प्रत्येकाची सोबतीची नामं ठरलेली आहेत.

म्हणून वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात विशेषण, दुसऱ्यात त्याच्याबरोबर नेहमी येणारी दोन-तीन नामं, आणि तिसऱ्यात त्या जोडीला आपण घरी बोलताना जे म्हणू ते. एकट्या विशेषणाचा मराठी अर्थ लिहू नका, जोडीचा लिहा. दिवसाला तीन शब्द पुरे. दहा घेतले की चौथ्या दिवशी सगळ्यांची सरमिसळ होते.

सुरुवात ‘डेस्परेट’पासून करा, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. पुष्कळ जण त्याचा अर्थ ‘हताश’ असा लिहितात. मूळ लॅटिन शब्दात आशा सुटल्याचाच अर्थ आहे, हे खरं. पण आज हताश माणूस हातपाय गाळून बसतो आणि ‘डेस्परेट’ माणूस उलट काहीही करायला तयार होतो. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जातं ते ‘घायकुतीला आलेला’. ‘डेस्परेट अटेम्प्ट’ म्हणजे जिवाच्या आकांताने केलेली धडपड. हातपाय गाळलेल्या माणसासाठी ‘डिस्पॉन्डंट’ हा वेगळा शब्द आहे. ‘डेस्परेट’नंतर नाम आलं तर ‘फॉर’ लावा आणि क्रियापद आलं तर ‘टू’: ‘डेस्परेट फॉर वर्क’, ‘डेस्परेट टू फाइंड वर्क’. ‘डेस्परेट ऑफ’ असं लिहू नका.

‘डायर’ परिस्थितीला, गरजेला आणि परिणामांना लागतो: ‘डायर सिच्युएशन’, ‘डायर नीड’, ‘डायर कॉन्सिक्वेन्सेस’. माणूस स्वतः ‘डायर’ नसतो, त्याची अवस्था असते. ‘इन डायर स्ट्रेट्स’ म्हणजे पुरता पेचात सापडलेला, पैशांच्या बाबतीत असेल तर हलाखीत. इथला ‘स्ट्रेट्स’ म्हणजे चिंचोळी वाट. त्याचं स्पेलिंग एस-टी-आर-ए-आय-टी-एस. सरळ या अर्थाच्या ‘स्ट्रेट’चं जी-एच इथे घुसवलं की चूक झालीच.

फरक मनात पक्का बसवायचा असेल, तर एकच प्रसंग घेऊन त्याच्या प्रत्येक टप्प्याला शब्द लावून बघा. पुण्यात त्यासाठी पानशेतचा पूर सर्वांना ठाऊक आहे. धरण फुटण्याच्या आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते वाचवायची शिकस्त केली: ‘डेस्परेट अटेम्प्ट’. 12 जुलै 1961 च्या सकाळी धरण फुटलं आणि खाली खडकवासल्यावर लोंढा आला, तेव्हा नदीकाठच्या पेठांची स्थिती ‘डायर’. अजून पुढे काय होणार याची भीती या शब्दात आहे. पाणी ओसरल्यावर चिखलातून मृतदेह शोधणं हे ‘ग्रिम टास्क’: मन घट्ट करून उरकायचं काम. जे वाहून गेलं त्याचा हिशेब मांडताना ‘डेव्हस्टेटिंग लॉस’. संसार गेलेल्या कुटुंबाला पुढचे दिवस ‘ब्लीक’, म्हणजे उजाड, कुठेच उजेड न दिसणारे. पाच शब्द, पाच वेगळ्या जागा. एकाची जागा दुसऱ्याला देऊन बघा, वाक्य लगेच लंगडतं.

आता आपला लाडका शब्द, ‘गंभीर’. मराठीत तो सगळीकडे चालतो, इंग्रजीत त्याच्या वाटण्या झाल्या आहेत. रुग्णाची प्रकृती ‘क्रिटिकल’, दुष्काळ ‘सिव्हिअर’, चिंता, धोका आणि चूक ‘ग्रेव्ह’. ‘ग्रेव्ह’चं मूळ ‘जड’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, आणि संस्कृतातला जड या अर्थाचा ‘गुरु’ त्याच्याच नात्यातला. हे लक्षात ठेवलं की हलक्यासलक्या गोष्टीला ‘ग्रेव्ह’ लावायचा मोह होत नाही. टंचाईला ‘अक्यूट’, पण ती तीव्र असेल तेव्हा.  पाऊस लांबून धरणांतला साठा तळाला गेला तर ‘अक्यूट शॉर्टेज’. एखाद्या भागात वर्षानुवर्षं पाणी कमीच येत असेल, तर ते ‘क्रॉनिक’.

‘डिझ्मल’ कामगिरीला आणि हवेला लावतात, ‘अबिझ्मल’ त्याहून खालचा, थेट रसातळाचा. ‘प्रिकेअरिअस’ म्हणजे डळमळीत, कधीही कोसळेल असं. ‘हॅरोइंग’ अनुभवाला आणि हकिकतीला लागतो. हॅरो म्हणजे ढेकळं फोडायचं शेतीचं अवजार. तसं मनावरून काहीतरी ओढत गेलेलं.

तीन चुका उत्तरपत्रिकांत पुन्हा पुन्हा येतात. पहिली, ‘व्हेरी अपॉलिंग’. ‘अपॉलिंग’ म्हणजे अतिशय धक्कादायक. ‘अतिशय’ त्यात आधीच आहे, त्यामुळे जोर हवाच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली’ लावा. दुसरी उच्चाराची: ‘डिस्मल’ नव्हे, ‘डिझ्मल’, आणि ‘डेस्परेट’चा शेवट ‘रेट’ असा लांबवू नका, ‘डेस्परट’ असा आखूड सोडा. तिसरी, ‘डेस्परेट’ आणि ‘डिस्परट’ यांची गल्लत. दुसऱ्याचा अर्थ ‘परस्परांहून अगदी भिन्न’.

परीक्षेत समानार्थी शब्द विचारला असेल, तर आधी अधोरेखित शब्दापुढचं नाम वाचा. मग चारही पर्याय त्या नामाला लावून मनात म्हणा. ‘ब्लीक आउटलुक’ दिलं असेल, तर ‘ग्रिम’ आणि ‘डिझ्मल’ दोन्ही बसतात, ‘डेस्परेट’ खटकतो. ‘ग्रिम’ आणि ‘डिझ्मल’ दोन्ही पर्यायांत असतील, तर वाक्याचा उरलेला भाग बघा: मृत्यू, युद्ध, आजार असेल तिथे ‘ग्रिम’, धंदा, निकाल, गुण असतील तिथे ‘डिझ्मल’.