कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग कायमचा बंद कसा करायचा

साचलेला ढीग उचलायला एक गाडी आणि चार माणसे पुरतात. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा न साचणे, हे खरे काम. महापालिकेच्या बोलीत अशा जागेला ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात. तिथे आधी फलक लागतो, मग कॅमेरा, मग दंडाची मोहीम. घंटागाडीची वेळ मात्र जुनीच राहते. क्रम उलटा हवा. कचरा इथेच का येतो ते शोधायचे, ते कारण काढून टाकायचे, आणि त्यानंतरही जो टाकेल त्याच्यावर कारवाई करायची. सोय नसताना केलेला दंड लोकांना जाच वाटतो आणि ढीग पुढच्या भिंतीशी जाऊन बसतो.

आधी सात दिवस वही

ढीग पूर्ण उचलला गेला की त्याच तासापासून नोंद सुरू करा, नाहीतर जुना कचरा कुठला आणि नवा कुठला हे कळत नाही. सकाळी साडेपाच ते नऊ आणि रात्री साडेआठ ते साडेअकरा या वेळा चुकवू नका. रविवारही धरा, गाडीला सुट्टी असेल तर सोमवारचा ढीग वेगळे काहीतरी सांगतो. प्रत्येक नोंदीत वेळ, माणूस पायी होता की गाडीवर, कुठून आला आणि कुठे गेला, पिशवी केवढी, एवढे लिहा. नावे लिहू नका, या टप्प्यावर त्यांचा उपयोग नाही.

मग मुकादमाला बरोबर घेऊन ढिगाची पाहणी करा. जाड रबरी हातमोजे, गमबूट आणि लांब चिमटा लागतो. पिशवीत हात घालायचा नाही. आत ब्लेड, सुई किंवा फुटलेली काच असू शकते. पिशवी ताडपत्रीवर ठेवून बाजूने फाडा. गाठ मारलेल्या लहान पिशव्यांत भाजीची देठे, चहाचा चोथा, पोळीचे तुकडे असतील तर कचरा घरगुती. गोणीभर कांद्याची साले आणि अंड्यांची टरफले निघाली तर जवळचे हॉटेल किंवा गाडा. फरशीचे तुकडे आणि सिमेंट म्हणजे राडारोडा. त्याची तक्रार स्वतंत्र करावी लागते. हे तीन प्रकार एकाच ढिगात असले तरी त्यांचे उपाय तीन आहेत.

कारणे आणि त्यांचे उपाय

वहीत साडेसहा ते साडेसात दरम्यान दुचाकीवाले जास्त दिसले आणि घंटागाडी नऊला येत असेल, तर कारण समोरच आहे: नोकरदार घर सोडतो तेव्हा गाडी आलेली नसते. गाडीची वेळ बदलून मागा किंवा संध्याकाळची एक फेरी मागा. तेही होत नसेल तर सोसायटीच्या फाटकाआत ओल्या-सुक्याचे झाकणाचे डबे ठेवा आणि ते गाडीत रिकामे करण्याची जबाबदारी एका माणसाला पगार देऊन सोपवा.

भाडेकरूंची घरे कचरावेचकाच्या यादीत नसतात आणि महिन्याचे शुल्क घरमालकाने द्यायचे की भाडेकरूने, यावर दार बंद राहते. भाडेकराराच्या वेळीच ते ठरवून घ्या. गादी, उश्या, शहाळी, फुटका कमोड या वस्तू रोजच्या गाडीत घेत नाहीत, म्हणून रात्री कोपऱ्यावर येतात. त्यांच्यासाठी महिन्यातला एक दिवस ठरवून क्षेत्रीय कार्यालयाकडे गाडी मागता येते. डायपर आणि सॅनिटरी पॅड लाजेपोटी काळ्या पिशवीतून बाहेर पडतात. पुण्यातल्या कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने रुजवलेली रीत इथे चालते: वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वर लाल ठिपका काढायचा, वेगळे द्यायचे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते स्वस्तातल्या खासगी उचलणीकडे. इमारत कुणाला तरी महिन्याला थोडे पैसे देते, तो माणूस कचरा दोन गल्ल्या पलीकडे ओततो. पकडला गेला की शिव्या त्याला. पण कचरा कुठे जातो हे न विचारणाऱ्या इमारतीची जबाबदारी संपत नाही. ठेकेदाराकडे परवानगीपत्र आणि कचरा जिथे दिला तिथली पावती मागा. पावती नसेल तर करार थांबवा.

जागा पालटणे

सोय झाल्यावरच साफसफाई करा, आणि एकाच दिवसात तळापर्यंत करा. जमिनीला चिकटलेला थर राहिला तर वासाने जागा पुन्हा ‘कचऱ्याची’ ठरते. त्याच संध्याकाळी दिवा लागलेला हवा. रांगोळी आणि कुंड्या उपयोगी पडतात, पण कुंडीला पाणी घालणारा ठरलेला हवा. सुकलेली कुंडी आठवड्यात कचरापेटी होते. भिंतीवर देवांच्या चित्रांच्या फरशा लावू नका. लोक चार हात सोडून टाकतात, कुत्री पिशव्या ओढतात, आणि शेवटी चित्रे घाणीत येऊन नवीन भांडण उभे राहते. पहिले तीन आठवडे वहीतल्या गर्दीच्या वेळी दोघांनी तिथे उभे राहावे. येणाऱ्याला ‘दादा, गाडी आता साडेसहाला येते’ एवढेच सांगावे.

पुरावा टिकेल असा

दुचाकीवाला वेग कमी करतो, डावा पाय टेकतो, हँडलची पिशवी सोडतो आणि निघतो. चार-पाच सेकंदांचे काम. ढिगाकडे तोंड केलेल्या एकाच कॅमेऱ्यात पाठ दिसते, नंबर दिसत नाही. म्हणून दोन कॅमेरे लावा: एक जागेवर, दुसरा बाहेर पडण्याच्या अरुंद वाटेवर, नंबरप्लेटकडे ३० अंशांपेक्षा कमी तिरका. चित्रात प्लेट किमान १०० पिक्सेल रुंद यायला हवी. रात्री इन्फ्रारेड प्रकाशाने प्लेट पांढरीफटक होते. तिथे साधा दिवा बरा. कॅमेऱ्याचे घड्याळ दर आठवड्याला जुळवा आणि चित्रण दोन दिवसांत उतरवून घ्या, कारण रेकॉर्डर जुने आपोआप पुसतो. प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फाइल कापू-जोडू नका.

कचऱ्यात सापडलेले वीजबिल किंवा कुरिअरचे लेबल हा धागा आहे, गुन्ह्याचा पुरावा नव्हे. त्या घराने तो कचरा रीतसर कुणाला दिलाही असेल. ते आरोग्य निरीक्षकासमोर पंचनाम्यात नोंदवा. कुणाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. माणूस चुकीचा निघाला तर तुम्हीच अडचणीत येता.

तक्रार आणि दंड

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात कचरा टाकणे, जाळणे, पुरणे यांस मनाई केली आणि जागेवर दंडाची तरतूद उपविधीत, म्हणजे पालिकेच्या स्थानिक नियमांत, करायला सांगितले. दंड फक्त अधिकार दिलेले कर्मचारीच करू शकतात. ओळखपत्र पाहा, छापील किंवा यंत्राची पावती घ्या. नागरिकाने कुणाला अडवून ठेवू नये.

अ‍ॅपवरची तक्रार ढीग उचलला की ‘निकाली’ निघते. म्हणून तीन मागण्या तीन वेगळ्या तक्रारींत करा: साफसफाई, गाडीची वेळ, दंडात्मक कारवाई. जागा सांगताना वीजखांबाचा क्रमांक द्या. लेखी अर्ज आधी आरोग्य निरीक्षकाला, मग क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना, मग घनकचरा विभागाच्या उपायुक्तांना. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घ्या. मोकळा प्लॉट खासगी असेल तर सिटी सर्व्हे क्रमांक जोडा, म्हणजे मालकाला नोटीस निघते.

उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. गेल्या सहा महिन्यांतल्या त्या प्रभागातील दंडाच्या पावत्या एका अर्जात, गाडीचा फेरीतक्ता दुसऱ्यात मागा. ढीग पेटवला जात असेल तर राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाचा दाखला द्या: उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,०००.

यंत्रणा हलतच नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे, उपद्रव हटवण्यासाठी अर्ज करता येतो. या कलमाच्या जुन्या रूपावरच सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सांगितले होते की पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब चालणार नाही.

महिन्यानंतर एखाद्या सोमवारी सकाळी वही घेऊन आजूबाजूच्या दोनशे मीटरच्या गल्ल्या फिरा. तिथे नवा ढीग दिसला तर एखादे कारण सुटलेले आहे. नोंद तिथून पुन्हा सुरू करा.