जुन्या ली-एनफील्ड रायफलचा दस्ता बदलताना आधी पुढचं लाकूड काढा

लष्करातून निवृत्त झालेल्या .303 ली-एनफील्डला, म्हणजे नंबर 1 मार्क 3 ला (आपल्या ईशापूरच्या कारखान्यातही हीच बनायची), नवा दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा लाकडी भाग) बसवताना एक चूक हमखास होते. मागची पितळी पट्टी काढायची, आतली चामड्याची चकती उपसायची आणि लांब स्क्रू ड्रायव्हरने दस्ता धरून ठेवणारा आतला बोल्ट थेट फिरवायचा. असं करू नका! या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या, म्हणजे नळीखालच्या, लाकडाच्या मागल्या टोकातल्या लोखंडी पट्टीत अडकलेलं असतं. बोल्ट फिरला की ते शंभर वर्षांचं लाकूड उभं चिरतं. म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करा, पुढचं लाकूड पूर्ण उतरवा आणि मगच बोल्टला हात लावा.

नवा दस्ता सहसा जरा जाड येतो. रायफलच्या ज्या खोबणीत दस्ता बसतो तिला आतून काजळी लावा, दस्ता दाबून बाहेर काढा आणि काळे डाग पडतील तेवढंच कानशीने घासा. चारसहा वेळा तरी करावं लागतं. दस्ता हाताने घट्ट बसला पाहिजे, बोल्टच्या जोरावर ओढून नव्हे. बोल्ट आवळल्यावर चौकोन पट्टीच्या खाचेशी सरळ जुळतोय ना, तेवढं बघा.