एक्स्टेंशन टाकून विसरलात? एकदा यादी उघडून बघा

परवा मावशीच्या लॅपटॉपवर काहीही सर्च केलं की भलतंच पेज उघडत होतं, ती म्हणे व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मार. बघतो तर क्रोममध्ये चौदा एक्स्टेंशन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, त्यातली तिला माहिती दोनच. बाकी कूपनवाली, पीडीएफवाली, कधीतरी ओके ओके दाबत आत आलेली.

तुम्हीपण आत्ताच बघा. वर उजवीकडे तीन टिंबं, त्यात एक्स्टेंशन्स, मग मॅनेज एक्स्टेंशन्स. ओळखू येत नाही किंवा कित्येक महिन्यांत वापरलं नाही ते सरळ रिमूव्ह करा, लागलं तर परत टाकता येतं की.

उरलेल्यांचे डिटेल्स उघडा. सगळ्या साइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी असेल तर ती शब्दशः घ्या, म्हणजे मेल, बँकेचं पेज, टाइप करताय तो पासवर्ड, सगळं त्याला दिसू शकतं. अॅड ब्लॉकरला लागते, समजू शकतो, पण स्क्रीनशॉट काढणाऱ्याला कशाला? तिथेच साइट अॅक्सेस 'ऑन क्लिक' करून टाका, मग तुम्ही आयकॉन दाबाल तेव्हाच ते त्या पानाला हात लावेल.

आणि रेटिंग चांगलंय, लाखो लोक वापरतात, यावर जाऊ नका. द ग्रेट सस्पेंडर नावाचं रॅम वाचवणारं एक्स्टेंशन होतं, 20 लाखांच्या आसपास युजर, 2020 मध्ये मूळ डेव्हलपरने ते विकलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने मालवेअर म्हणून काढून टाकलं. सायबरहेवन तर स्वतः सिक्युरिटी कंपनी, पण डिसेंबर 2024 मध्ये ऐन नाताळात त्यांचा कर्मचारी फिशिंग मेलला, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बनावट मेलला, फसला आणि चोरांनी त्यांच्याच एक्स्टेंशनचं बनावट अपडेट लोकांच्या ब्राउझरमध्ये ढकललं. अपडेट आपोआप येतं ना, तुम्हाला कोण विचारतंय!

अशी एक्स्टेंशन्स बऱ्याचदा कुकीज चोरतात, म्हणजे तुम्ही लॉगिन आहात वगैरे लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी. लॉगिनची कुकी हातात आली की पासवर्ड नको, ओटीपी नको. त्यामुळे संशयास्पद काही सापडलं तर ते आधी उडवा, मग मेल-फेसबुकमधून सगळ्या डिव्हाइसवर लॉगआउट मारा, मग पासवर्ड बदला. हाच क्रम ठेवा, नाहीतर नवा पासवर्डही त्याच्याच डोळ्यांदेखत टाइप कराल.

बँकेसाठी मी क्रोममध्येच वेगळं प्रोफाइल ठेवलंय, त्यात एकही एक्स्टेंशन नाही. मावशीला एवढं जमणार नव्हतं, तिला इनकॉग्निटो शिकवलं, तिथे आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय एक्स्टेंशन्स चालत नाहीत.