घरच्या बिअरचं सामान: आधी हॉप्स सांभाळा

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा हे अमेरिका-इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी. १९ लिटरच्या खेपेला साडेचार-पाच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव), हॉप्स (एका वेलीची वाळवलेली फुलं, बहुधा दाबून केलेल्या छोट्या गोळ्यांच्या रूपात मिळतात), यीस्टचं एक पाकीट आणि बाटल्या भरताना साधारण ११५ ग्रॅम साखर लागते.

माल्ट अख्खंच घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या आणि थंड जागी ते वर्षभर टिकतं. भरडलेलं दोन-तीन आठवड्यांत संपवा. दाणा दाताखाली कुटकन फुटला पाहिजे. चिवट लागला तर माल्ट सादळलंय.

खरा घोळ हॉप्सचा. ‘झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चूक आहे. हॉप्समधली अल्फा आम्लं बिअरला कडवटपणा देतात आणि हवेतला ऑक्सिजन तीच खातो. झिपच्या पिशवीत हवा उरतेच, शिवाय पातळ प्लास्टिकमधून ती हळूहळू झिरपतेही. उष्णतेने ही नासाडी वाढते: तापमान १५ अंशांनी चढलं की वेग ढोबळमानाने दुप्पट. म्हणून आधी हवा काढा, मग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा.

स्वस्त पडतं म्हणून ४५० ग्रॅमचं पाकीट आणलंत, तर ते फोडाल त्याच बैठकीत सगळ्याच्या २८-२८ ग्रॅमच्या पुड्या करा आणि व्हॅक्यूम सीलरने बंद करा. एकच पाकीट दर खेपेला उघडून पुन्हा गुंडाळत बसलात, तर शेवटच्या मुठीत दम राहत नाही. सीलर नसेल तर मोठं पाकीट घेऊच नका. २८ ग्रॅमची फॉइलची पाकिटं घ्या.

पुडीवर जात, अल्फाचा टक्का आणि पिकाचं वर्ष लिहा. खरेदीची तारीख उपयोगाची नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते, म्हणजे जूनमध्ये घेतलेला तिथला ‘ताजा’ माल निदान आदल्या वर्षाचा असतो.

वापरण्याआधी दोन गोळ्या बोटांत चुरडून हुंगा. वास मंद पण स्वच्छ असेल तर तासभर उकळायच्या हॉप्समध्ये चालतील. सुगंधासाठी शेवटी घालू नका. चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला तर सरळ फेका. ‘थोडे जास्त घाला’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्याने तो वासच वाढतो.

कोरडं यीस्ट फ्रिजमध्ये. फोडलेलं पाकीट घट्ट बंद करून आठवड्याच्या आत वापरा. द्रव यीस्ट फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका, बर्फाने पेशी फुटतात.