विनोदवीराचा स्वभाव एनिआग्रामने कसा वाचावा : चार्ली चॅप्लिनच्या उदाहरणासह

एनिआग्राम ही माणसाच्या स्वभावाची नऊ प्रकारांत मांडणी करणारी पद्धत असून तिला आजचे रूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्कर इचाझो आणि क्लाउदिओ नारान्हो यांनी दिले. संशोधनाच्या कसोटीवर तिचा पाया भक्कम ठरलेला नाही, म्हणून तिच्याकडून निदानाची अपेक्षा ठेवू नये. एखाद्या कलावंताविषयी नेमके प्रश्न विचारायला मात्र ती उपयोगी पडते.

विनोदवीर दिसला की त्याला सातव्या प्रकारात, म्हणजे दुःख टाळून सतत नव्या आनंदाच्या मागे धावणाऱ्यांत, बसवून मोकळे होण्याची सवय सर्रास आढळते. ती आधी मोडावी. हसवणे हा त्याचा व्यवसाय आहे; एनिआग्रामचा प्रकार वागण्यावरून नव्हे, तर वागण्यामागच्या प्रेरणेवरून ठरतो. त्यामुळे पडद्यावरचे पात्र सुरुवातीला पूर्णपणे बाजूला ठेवावे. ढगळ विजार, आखूड कोट आणि मोठे बूट घालणारा, १९१४ साली पडद्यावर आलेला तो भटक्या म्हणजे चॅप्लिन नव्हे. ती त्याने घडवलेली वस्तू आहे.

त्यानंतर पैसा, वेळ आणि अधिकार पणाला लागले असताना त्या माणसाने घेतलेले निर्णय गोळा करावेत. मुलाखतींवर फारसा भरवसा ठेवू नये, कारण मुलाखतीतही विनोदवीर प्रयोगच करत असतो. चॅप्लिनने १९१९ मध्ये तिघा सहकाऱ्यांसह युनायटेड आर्टिस्ट्स ही वितरणसंस्था काढली, बोलपटांची लाट आलेली असतानाही १९३१ चा ‘सिटी लाइट्स’ संवादांविना प्रदर्शित केला आणि पडद्यावर खऱ्या अर्थाने बोलायला १९४० उजाडू दिले. केवळ यशाची आणि प्रतिमेची भूक असलेल्या तिसऱ्या प्रकारच्या माणसाने बाजाराच्या इतक्या उलट जाऊन स्वतःचे पैसे गुंतवले असते का, असा प्रश्न इथे विचारावा.

खरी अडचण पहिला आणि चौथा प्रकार वेगळे करताना येते, कारण दोघेही काम पुन्हा पुन्हा करतात. ‘सिटी लाइट्स’मधल्या आंधळ्या फुलवालीला समोरचा फाटका माणूस श्रीमंत आहे असे का वाटावे, याचे उत्तर चॅप्लिनला कितीतरी दिवस सापडत नव्हते. चित्रीकरण चालू होते, थांबत होते. नायिकेला काढून टाकून पुन्हा बोलावणेही झाले. अखेर भटक्या रस्ता ओलांडण्यासाठी उभ्या मोटारीतून आरपार जातो आणि तिच्या दाराचा आवाज ऐकून मुलीचा गैरसमज होतो, अशी तोड निघाली. पहिल्या प्रकारच्या माणसाकडे बरोबर काय याचा नियम आधीच तयार असतो आणि तो मोडला की त्याला राग येतो. इथे नियमच नव्हता. मनातली भावना समोर उतरत नाही एवढीच अस्वस्थता होती आणि उत्तर सेटवरच शोधले जात होते. माझ्या मते हा कल चौथ्याकडे, म्हणजे काहीतरी हरवल्याची जाणीव आणि वेगळेपणाची ओढ असलेल्या प्रकाराकडे जातो.

बालपणीचे प्रसंग शेवटी तपासावेत आणि ते कोणी सांगितले आहेत हे नोंदवून ठेवावे. आत्मचरित्रातल्या हकिगतीनुसार अल्डरशॉटच्या रंगमंचावर आईचा आवाज फुटला, तेव्हा पाच वर्षांच्या चार्लीला तिच्या जागी उभे करण्यात आले. लोकांनी नाणी फेकताच त्याने गाणे थांबवून आधी पैसे वेचतो असे सांगितले, त्यावर हशा पिकला आणि पुढे त्याने आईच्या फुटलेल्या आवाजाचीही निरागसपणे नक्कल केली. हा प्रसंग चौथ्या प्रकाराला अगदी चपखल बसतो, आणि म्हणूनच सावध राहावे : प्रौढ कलावंताने तो अनेक दशकांनंतर, आपली गोष्ट कशी दिसावी हे ठरवूनच लिहिलेला आहे. पुरावा म्हणून त्याचे वजन मोटारीच्या दारापेक्षा कमी धरावे.

शेजारच्या प्रकारांची छटा, म्हणजे ज्याला ‘पंख’ म्हणतात ती, त्यानंतर पाहावी. ताणाखाली माणूस कोणत्या दुसऱ्या प्रकारासारखा वागू लागतो हे दाखवणाऱ्या बाणांचा फापटपसारा सुरुवातीला टाळलेलाच बरा. निष्कर्ष लिहिताना दुसऱ्या क्रमांकाचा दावेदारही नोंदवावा, जसे ‘चौथा, तिसऱ्याकडे झुकणारा, पहिला पूर्णपणे बाद नाही’, आणि कोणती माहिती मिळाल्यास आपण मत बदलू हे त्याखाली लिहावे.

सरावासाठी पुढचे नाव चॅप्लिनचा समकालीन मूकपट-विनोदवीर बस्टर कीटनचे घ्यावे. त्याने १९२८ मध्ये आपले स्वातंत्र्य सोडून एमजीएम या मोठ्या स्टुडिओशी करार केला आणि नंतर तीच आपली सर्वांत मोठी चूक असल्याचे सांगितले. ज्या निर्णयावर चॅप्लिन अडून राहिला असता तिथे कीटनने मान का तुकवली, भिडेपोटी, भीतीपोटी की कटकट नको म्हणून, एवढ्या एका प्रश्नापासून त्याची नोंदवही सुरू करता येईल.