डिगला नाव सापडतं, पिंगला नाही: लिनक्स वर्कस्टेशनवर होस्टनेमचा घोळ कसा सोडवावा

आयपी पत्त्यावर पिंग (समोरचं मशीन पोचतं का ते बघणारी आज्ञा) जातो आणि नावावर जात नाही, अशी तुमची तक्रार आहे असं धरून चालतो. आयपीवरही जात नसेल तर आधी केबल, स्विच आणि गेटवे बघा.

फाइलींना हात लावण्याआधी एरर नीट वाचा. "नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन" आणि "टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन" ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात कोणीतरी "असं नाव नाही" असं उत्तर दिलेलं असतं. दुसऱ्यात बहुतेक वेळा उत्तरच आलेलं नसतं, म्हणजे डीएनएस सर्व्हर (नावावरून आयपी पत्ता सांगणारा) पोचत नाही किंवा मधला फायरवॉल पोर्ट ५३ अडवतोय. लोक दोन्हींवर एकच औषध लावतात: रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये, म्हणजे डीएनएस सर्व्हरचे पत्ते असलेल्या फाइलमध्ये, ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर टाका. ते का लावू नये, हे पुढे येतंच.

सुरुवात होस्ट्स फाइलपासून. एटसी डिरेक्टरीमधली, हाताने नावं आणि पत्ते लिहायची ही फाइल उघडा आणि अडलेल्या नावाची कोणी जुनी ओळ टाकून ठेवली आहे का ते बघा. असेल तर काढा. मशीनचं स्वतःचं नावही तिथे हवं. डेबियन-उबुंटूवर ते साधारणपणे १२७.०.१.१ समोर असतं. मशीनचं नाव बदललं आणि ही ओळ बदलायची राहिली की सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने काम करवणारी आज्ञा) दर वेळी कुरकुरतं.

आता खरी परीक्षा. तेच नाव दोन प्रकारे विचारा: एकदा "गेटएंट होस्ट्स" या आज्ञेने आणि एकदा डिगने, म्हणजे थेट डीएनएसला विचारणाऱ्या आज्ञेने. डिगला @ लावून तुमच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता द्या, नुसता डिग चालवू नका. आजकालच्या बऱ्याच मशीनवर नुसता डिग १२७.०.०.५३ ला, म्हणजे त्याच मशीनवरच्या सिस्टमडी-रिझॉल्व्हडी या नावं शोधून देणाऱ्या सेवेला विचारतो, आणि मग उत्तर नेमकं कोणाचं आलं ते कळत नाही.

दोन्हीकडे नाव नसेल तर दोष सर्व्हरवर किंवा तुमच्या टायपिंगमध्ये आहे. डिगला सापडतं आणि गेटएंटला नाही, इथे मात्र भलेभले अडकतात. "डीएनएस ठीक आहे, डिग उत्तर देतोय, म्हणजे प्रोग्राममध्ये बग" असा निष्कर्ष काढून लोक एसएसएच पुन्हा इन्स्टॉल करताना पाहिले आहेत. डिग, होस्ट, एनएसलुकअप ही तिन्ही डीएनएस तपासायची हत्यारं आहेत. तुमचं मशीन नाव कसं शोधतं हे त्यांना माहीत नसतं. पिंग, एसएसएच, एनएफएस माउंट हे सगळे सी लायब्ररीकडे (बहुतेक लिनक्सवर ग्लिबसी) जातात, आणि ती एनएसस्विच.कॉन्फ या फाइलमधला, नाव कुठे कुठे शोधायचं त्याचा क्रम पाळते. गेटएंटही त्याच वाटेने जातो, म्हणून त्याचं म्हणणं प्रमाण माना. ब्राउझरला या तपासणीत घेऊच नका. त्यात डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस (डीएनएसचे प्रश्न एचटीटीपीएसवरून पाठवणं) चालू असेल तर त्याचा कारभारच वेगळा.

एनएसस्विचची ही पद्धत सन कंपनीच्या सोलारिसमधून आली आणि लिनक्सने ती उचलली. फाइलमध्ये "होस्ट्स" ने सुरू होणारी एकच ओळ आपल्या कामाची. डेस्कटॉप उबुंटू-डेबियनवर ती साधारण अशी दिसते:

होस्ट्स: फाइल्स एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न] डीएनएस

लोक यातले शब्द वाचतात आणि चौकटी कंस सोडून देतात. गोम त्या कंसातच आहे. एरवी एका ठिकाणी नाव नाही मिळालं तर लायब्ररी पुढच्या ठिकाणी जाते. कंस सांगतो: आधीच्याने "नाही" म्हटलं तर तिथेच थांब. एमडीएनएस४_मिनिमल हे मल्टिकास्ट डीएनएसचं, म्हणजे सर्व्हरऐवजी आसपासच्या मशीनना विचारणारं मॉड्यूल फक्त .लोकल ने संपणारी नावं हाताळतं, बाकीच्यांना हात लावत नाही, म्हणून इंटरनेटवरची सगळी नावं व्यवस्थित चालतात आणि कोणाला संशय येत नाही. पण ऑफिसचं आतलं डोमेनच .लोकल असेल तर? विंडोजची डोमेन उभारताना एकेकाळी सर्रास तेच नाव दिलं जायचं. पुढे २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ ने .लोकल मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलं. मग होतं असं की लायब्ररी आसपासच्या मशीनना हाक मारते, कोणी ओ देत नाही, कंस तिला थांबवतो आणि ज्या डीएनएस सर्व्हरवर नाव आहे त्याला कोणी विचारतच नाही. या मॉड्यूलच्या नव्या आवृत्त्या डीएनएसवर लोकल झोन आहे का ते आधी पाहून बाजूला होतात. जुन्या वर्कस्टेशनवर त्या भरवशावर राहू नका.

उपाय: डीएनएस हा शब्द एमडीएनएस४_मिनिमलच्या आधी आणा. एमडीएनएस उडवूनच टाका असा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. काही दिवसांनी नेटवर्क प्रिंटर सापडेनासा होईल आणि तेव्हा कोणाला ही ओळ आठवणार नाही. दुसऱ्या मशीनवरून अख्खी ओळ आणून चिकटवू नका हेही सांगतो. फेडोरासारख्या ठिकाणी ओळीत "रिझॉल्व्ह [!अनअव्हेल=रिटर्न]" असतं; तिथे सिस्टमडी-रिझॉल्व्हडी चालू असेपर्यंत मागच्या डीएनएसपर्यंत गाडी जातच नाही. अशा मशीनवर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस चालवा आणि कोणत्या इंटरफेसला कोणता सर्व्हर आणि कोणतं डोमेन दिलंय ते बघा. .लोकलचं भांडण इथेही आहेच: ते डोमेन त्या इंटरफेसवर लिहून दिल्याशिवाय रिझॉल्व्हडी ती नावं साध्या डीएनएसकडे पाठवत नाही.

रिझॉल्व्ह.कॉन्फकडे वळण्याआधी ती खरी फाइल आहे की सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा), हे एलएस -एल ने बघा. सिमलिंक असेल तर त्यात हाताने लिहिलेलं टिकणार नाही. सीएचॲटर लावून फाइल गोठवण्याची युक्ती फार लोकप्रिय आहे आणि तितकीच वाईट. लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कवर नेला की बोंब. बदल नेटवर्कमॅनेजरमध्ये करा.

आता ते ८.८.८.८. ग्लिबसी पहिले तीनच नेमसर्व्हर वापरते आणि त्यांना क्रमाने विचारते. पहिल्याने "असं नाव नाही" म्हटलं की ते उत्तर अंतिम. दुसऱ्याला विचारलं जात नाही. म्हणजे आतल्या सर्व्हरवर नसलेलं नाव बाहेरच्यात शोधलं जाईल, ही समजूत चुकीची. उलट पहिला सर्व्हर क्षणभर गप्प झाला की प्रश्न ८.८.८.८ कडे जातो, आणि तुमच्या ऑफिसातल्या फाइल सर्व्हरचं नाव त्याला माहीत असण्याचं कारण नाही. मग "कधी चालतं, कधी नाही" अशी तक्रार येते, आणि ती शोधणं सगळ्यात कटकटीचं. दुसरा नेमसर्व्हर द्यायचा तर तोही आतलाच द्या.

आखूड नाव चालत नाही पण पूर्ण नाव चालतं? रिझॉल्व्ह.कॉन्फच्या सर्च ओळीत डोमेन येईल असं करा.

नाव सापडतं पण पाच सेकंद लागतात, तर संशय पहिल्या नेमसर्व्हरवर घ्या. ठरलेला टाइमआउट पाच सेकंदांचाच आहे. प्रत्येक सर्व्हरला डिगने वेगळं विचारा. सगळे चटकन बोलत असतील तर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ चे जोडीने गेलेले प्रश्न एखादा जुना राउटर गिळतोय का ते बघा. रिझॉल्व्ह.कॉन्फच्या ऑप्शन्समध्ये सिंगल-रिक्वेस्ट घातल्यावर उशीर गेला, तर चोर सापडला.

सगळं दुरुस्त करूनही जुनंच उत्तर येत असेल तर रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस चालवा, एनएससीडी (उत्तरं साठवून ठेवणारा प्रोग्राम) असेल तर तोही रीस्टार्ट करा. २०१७ च्या ग्लिबसी २.२६ आधीच्या सिस्टिमवर चालू असलेले प्रोग्राम बदललेली रिझॉल्व्ह.कॉन्फ आपणहून पुन्हा वाचत नाहीत, त्यामुळे ते प्रोग्रामही रीस्टार्ट करावे लागतात. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये मात्र वरचं एनएसस्विचचं प्रकरण लागू नाही. तिथली मसल लायब्ररी ती फाइल वाचतच नाही.

एसएसएचने नाव लगेच सापडतं, पण लॉगिन अडखळतं, तर तुमच्या वर्कस्टेशनवर शोधत बसू नका. समोरचा सर्व्हर तुमच्या आयपीवरून तुमचं नाव शोधत असतो. ही शोधाशोध चालू-बंद करणारं यूजडीएनएस हे सेटिंग ओपनएसएसएच ६.८ पासून मुळातच बंद असतं. जुन्या सर्व्हरवर एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये ते "नो" करा.